दहा टाके

"उसव," खडूसकाका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मुकाट्याने नळी परत घेतली. काडेपेटीतल्या काडीहून बारीक रबरी नळी, आणि तिला केसाहून बारीक धाग्याचे दहा टाके. पंधरा वर्षं मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या बाईंसमोर हाताखालचे डॉक्टर चळाचळा कापत. इथे मात्र त्या आठवडाभर रोज नापास होत होत्या.

"कुठे चुकलं, काका?"

"तिसरा टाका. धागा ओढताना श्वास रोखतेस. आधी श्वास सोड, मग ओढ." त्यांनी भिंग पुसून ठेवलं, डाव्या हाताला आलेल्या मुंग्या झटकल्या. "टाके पसंत पडल्याशिवाय मी सही करणार नाही."

त्या सहीवाचून ऑपरेशन अडलं होतं. आजार लाखात एखाद्याला होणारा. मेंदूच्या मुख्य रक्तवाहिन्या बुजत आलेल्या, सगळा भार कोवळ्या, जाळीदार वाहिन्यांवर. त्यातल्याच एकीवर, पार आत, मिरीएवढा फुगा. तिथे हात पोचत नाही. म्हणून डोक्याच्या कातडीतली एक वाहिनी मेंदूवरच्या वाहिनीला जोडायची, म्हणजे आतला ताण उतरून फुगा ओसरतो. टाका सैल पडला, की पेशंट गेलाच.

नवव्या दिवशी काकांनी नळी तीनदा फिरवून पाहिली. "बरंय," एवढंच म्हणाले आणि सही ठोकली. बाईंनी जिन्यात, कुणी बघत नाही असं पाहून, एक गिरकी घेतली.

ऑपरेशनला काका हजर होते. पण त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही. बाईंनी श्वास सोडला, धागा ओढला. दहावा टाका पडला, चिमटा निघाला आणि जोडलेली वाहिनी नाडीसारखी उडू लागली. थेंबभर रक्त बाहेर आलं नाही. मास्कआड बाई चक्क गुणगुणल्या.

आठवड्याने त्या नवा स्कॅन घेऊन काकांकडे गेल्या. फुगा निम्म्यावर आला होता.

"रक्त झकास वाहतंय, काका." त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

"हं. आरसा दे."

बाईंनी आरसा धरला. जन्मभर लोकांच्या कपड्यांना रफू केलेल्या त्या म्हाताऱ्याने आपल्या भादरलेल्या डोक्यावरची पट्टी हलकेच उचलली आणि कानावरचे टाके निरखले.

"आतले तुझे असतील. हे वरचे कुणाचे?"

"असिस्टंटचे."

"तरीच. उसव."