निळी केबल

"दिवा लागला का?" ओस्मानी छपरावरून ओरडला.

"कुठला लागतोय! तूच खाली येऊन बघ ना," नोराइदा कॉम्प्युटरपाशी बसून म्हणाली.

अर्सेनिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघायला नवरा काय मेला होता?

हवानाच्या त्या गल्लीत छपराछपरांवरून केबली ओढून सगळी घरं जोडलेली होती, आणि ते नेट ओस्मानी सांभाळायचा. तो खाली आला. आधी पॅसेजमधली जोडणीची डबी पाहिली.

"हे बघ भाऊ, ही निळी छपरावरची. बाकीच्या तुमच्या घरातल्या. दिवा लुकलुकला की समजायचं, पलीकडे कोणीतरी चालू आहे."

मग त्याने कॉम्प्युटरमागची केबल काढली, फुंकर मारली, टक्कन परत बसवली. नेट सुरू. नोराइदाने त्याला कॉफी दिली, वर स्वतः ढवळूनसुद्धा दिली!

ओस्मानी गेल्या गेल्या ती कॉम्प्युटरवर डॉमिनो खेळायला बसली. रोज दुपारी हेच. समोर कोणी 'गाविलान' असं टोपणनाव लावलेला गडी असायचा.

"कोण हा गाविलान?"

"मला काय ठाऊक? खेळतो छान."

"आणि तू हसतेस छान!"

"जळतोस होय रे? अरे, घरात बसूनच तर खेळतेय."

जळत होता. बेकरीच्या भट्टीपुढे उभा असतानाही तेच हसू त्याच्या कानात वाजायचं.

तो मागच्या खोलीत गेला. धाकटा भाऊ लिआंद्रो प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून पडला होता.

"अरे दादा, गाविलान म्हणजे तो ओस्मानीच! दुसरा कोण असणार? घरात पाय ठेवू देऊ नकोस त्याला. फार साधा आहेस तू."

"केबलच उपटतो!"

"छे छे, तसलं काही करू नकोस. एवढ्यासाठी अख्ख्या गल्लीत हसं होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ते हसू सुरू झालं, आणि अर्सेनिओला राहवेना. तो पॅसेजमध्ये गेला आणि त्याने निळी केबल उपटली ती सरळ जमिनीवर आपटली. खेळ म्हणावं आता! आता ही ओरडणार, ओस्मानीला हाक मारणार, मग तो यायचाच. येऊ दे. दारातच धरतो.

तो वाट बघत उभा राहिला.

"अगं बाई, माझा डबल नऊ अडकवलास की रे, लबाडा!" बाहेरच्या खोलीत नोराइदा स्क्रीनकडे बघून खुदखुदली. कीबोर्ड वाजतच होता.

अर्सेनिओने डबीकडे पाहिलं. निळीचा दिवा विझला होता. दोन दिवे अजून लुकलुकत होते. एक नोराइदाच्या कॉम्प्युटरचा. दुसरी केबल त्यानेच भिंतीवर खिळे ठोकत ठोकत मागच्या खोलीपर्यंत नेली होती, भावाचा जीव रमावा म्हणून.