रोजचा उखाणा

"काकू, काकांचं बाकी सगळं शाबूत आहे. एकच जागा झिजलीय," दुकानात डिस्कची टकटक कान लावून ऐकत दुरुस्तीवाला फिरोज म्हणाला. "रोज एकच काहीतरी विचारायचात का?"

कालिंदीबाई ओशाळल्या. दिनकरराव वारले तेव्हा त्यांचं मन या डिस्कवर उतरवून घेतलं होतं. ते धड आहे ना, हे बघायला त्या रोज सकाळी म्हणायच्या, "अहो, माझं नाव घ्या." आणि ते उखाणा घ्यायचे.

"तपासून तपासूनच झिजली, काकू. आता नका विचारू."

घरी आल्यावर त्यांना काही राहवलं नाही.

स्पीकरमधून तोच खट्याळ आवाज आला, "कपाला कान, बशीला काठ..." मग नुसतीच टकटक.

"थांबलात काय? घ्या की माझं नाव!"

"घेतो ना," दिनकरराव अदबीनं म्हणाले. "काय नाव आपलं, बाई?"