आईचा प्रसंग

"थांब," मायाक्का म्हणाली. "ते परत वाच."

महिपतीने पान मागे उलटलं आणि पुन्हा वाचलं. प्लेगच्या साथीत गावाबाहेर टाकलेल्या झोपड्या. त्यातल्या एकीत तापाने फणफणलेली त्याची आई, बजाबाई. ती आपलं तान्हं पोर धाकट्या बहिणीच्या ओटीत घालते, तिचा हात धरून शब्द घेते आणि डोळे मिटते.

सुपातली ज्वारी निवडता निवडता मायाक्काचा हात थांबला होता.

महिपती मूकपट काढायचा. पुण्याच्या एका कंपनीत त्याचं चांगलं नाव झालं होतं. राजे, राक्षस, तलवारी, मालक सांगेल ते तो काढी आणि मन लावून काढी. पण एक पट पुरा झाला की सोलापूरची गाडी धरी आणि मावशीच्या, म्हणजे मायाक्काच्या, खोलीत जमिनीवर पालथा पडून लिहीत राही. पटाला ऊन लागायचं, घोडे लागायचे, मालकाचा होकार लागायचा. कागदाला दौत-टाक पुरे. पटावर आपलं पोट भरतं, पण जीव रमतो तो लिहिण्यात, असं तो मित्रांना सांगायचा.

ते लिहिणंही मावशीचंच देणं, असं तो मानायचा. गिरणीत राबून तिने त्याला शाळेत घातलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी चुलीपाशी ती त्याच्याकडून धडा वाचून घेई. धडा संपला की म्हणे, "मग पुढं काय झालं?" पुस्तकात पुढचं नसे. मग तो मनाने रचून सांगायचा.

आता बोलपट आले होते. मालकाने पहिल्यांदाच विचारलं होतं, "तुझी स्वतःची एखादी गोष्ट आहे का?"

महिपतीकडे एकच होती. आईबाप साथीत गेले आणि मावशीने त्याला पदराखाली घेतलं. वळसंगच्या सासरच्यांनी पोराला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तेव्हा तिने सासर सोडलं. करकंबचं माहेरही तुटलं; तिकडे ती त्याला कधी घेऊन गेली नाही. त्या दगडाच्या काळजाच्या माणसांवर त्याने पानंच्या पानं लिहिली होती. मायाक्कावर त्याहून जास्त. तिच्या पायावर डोकं ठेवावं तशी ही गोष्ट त्याने लिहिली होती. फक्त आईचा प्रसंग काही केल्या जमत नव्हता.

"काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"लई चांगलं लिवलंयस. पर असं झालं न्हवतं."

"मग कसं झालं ते सांग. मला खरंच पाहिजे. खोटं असलं की पडद्यावर लगेच कळतं."

"माजं नाव घालणार हायस त्यात?"

"घालणार की. बहिणीला दिलेला शब्द एका बाईनं जन्मभर कसा पाळला, ते लोकांना कळू दे."

"शब्द दिलाच न्हाय मी," मायाक्का म्हणाली. "मी पोचले तवा बजाक्काला सुद न्हवती. तिनं मला वळकलं बी न्हाय."

महिपतीने टाक बुडवला आणि त्या ओळींवर रेघ मारली. त्याला वाईट वाटलं नाही. उलट अडलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं.

"म्हणजे कुणी न सांगताच घेतलंस मला. हे तर त्याहून मोठं झालं, मावशी." तो लिहू लागला आणि लिहिता लिहिता वाचू लागला. "तिने शब्द दिला नव्हता. बहिणीच्या रक्ताची ओढ, तीच तिला—"

"ते बी खोड."

"काय?"

"रगताचं."

तो हसला. आपलं कौतुक तिला कधीच सोसत नसे. "बरं, खोडतो. आणखी?"

"वळसंगच्या लोकांना दगड म्हनलायस. ते बी काढ. त्यांनी मला एकच इचारलं, आन त्याला माज्याकडं उत्तर न्हवतं."

"काय विचारलं?"

मायाक्का सुपातले खडे वेचत राहिली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

"समद्या कागदावर तू माजे उपकार लिवतोस," ती म्हणाली. "माजी कूस उजवली न्हवती. सासरी उठता बसता ऐकून घेत हुते. एक बहीण हुती, तीबी चालली. त्या झोपडीतनं मी रिकाम्या हातानं भाईर पडले असते, तर वाटंवरच्या हिरीतच गेले असते. तुला छातीशी धरलं आन पाय हिरीकडं वळलंच न्हाईत. मी तुला न्हाय जगवलं, पोरा. तू मला जगवलंस. लिवायचं तर हे लिव."

महिपतीने लिहिलं. अक्षरं पुसट दिसत होती, तरी लिहिलं. इतकी वर्षं तो तिचे उपकार आठवत होता आणि तीही त्याचे आठवत होती, हे त्याला आज कळत होतं. असा प्रसंग त्याला सात जन्मांत सुचला नसता. त्याने डोळे पुसले आणि पान सरळ केलं.

"आता एवढंच राहिलं," तो म्हणाला. "आईच्या कुशीतून मला उचललंस, तेव्हा ती जिवंत होती का?"

मायाक्काने सूप खाली ठेवलं.

"बजाक्काच्या कुशीतलं पोर तिच्या आदीच गेलं हुतं," ती म्हणाली. "तू पल्याडच्या झोपडीत रडत हुतास, आन कुनाचं पोर ते सांगाय आत जित्तं कुनी उरलं न्हवतं."