सोन्याची साक्ष

“मी म्हनतो, सोन्याला सोडा. मुकं जनावर खोटं बोलत न्हाई,” आसाराम म्हणाला.

अंगणात बाजेवर बसलेल्या माणसानं मान वर केली नाही. त्याच्या तोंडाची डावी बाजू भाजून आवळली होती, भुवया जळाल्या होत्या, आवाज फाटलेला. सकाळच्या एस्टीनं तो तिसगावला उतरला, विचारत विचारत वस्तीवर आला आणि म्हणाला, “आये, मी गहिनीनाथ. पाकिस्तानातनं सोडलं आमाला.”

बनुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि गळा काढला. तिच्यापुरता निकाल लागला होता.

पण तिचा थोरला लेक आसाराम असा कुणावर विश्वास टाकणारा नव्हता. बायकोनं चहात साखर घातली म्हटलं तरी चमचा फिरवून बघणारा माणूस तो. “रणगाड्यावर तिघं हुते,” तो शेजारच्या भिमाजी तात्यांना म्हणाला. “तिघंबी जळालेले. यातला हा कोन, कसं कळायचं?”

“म्हशीचं नाव सांगितलं की त्यानं. आईच्या मोडलेल्या दाताचं सांगितलं.”

“तिघं रातध्याड एकत्र. घरच्याच गप्पा मारत असतील, तात्या.”

गहिनीनाथची बायको चांगुणा दाराआड उभी होती. तो “मी गहिनीनाथ” म्हणाला तेव्हा तिचे हातपाय गार पडले होते, ते अजून गारच होते. हा तोच की दुसरा, तिला खरंच कळत नव्हतं. उंची तीच, खांदे तेच. मघाशी तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तांब्या घेतला. “कैदेत मानूस नरमतं,” भिमाजी तात्या म्हणाले होते.

गेल्याच आठवड्यात आसारामनं विषय काढला होता. बेपत्ता, बेपत्ता किती दिवस म्हणायचं? दिवस घालू, बांगड्या फोडू, आणि हिला खर्ड्याला भावाकडं पोचवू. भावजय तर अशी, की भाकरीच्या प्रत्येक घासाला टोमणा तोंडी लावायला द्यायची. म्हणजे बाजेवरचा माणूस गहिनीनाथ ठरला तर चांगुणाचं कुंकू राहणार, घर राहणार. नाही ठरला तर काही राहणार नाही.

एवढं असून तिला काही वाटत नव्हतं. वर्षापूर्वी गहिनीनाथ लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली तेव्हा ती भाकऱ्या करत होती. तिनं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. बाया म्हणाल्या, पोरीनं धसका घेतला, रडू द्या गं तिला. ती रडली नाही. दुष्काळ पडला, खडी फोडायला गेली, हाताला फोड आले, तरी नाही. मनाचा पार दगड झाला, असं सगळे म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

सोन्या तिच्याबरोबरच नगरच्या लष्करी कॅम्पातून वस्तीवर आला होता. मूळचा मेजरसाहेबांचा कुत्रा. बदली झाली तेव्हा त्यांनी तो गहिनीनाथच्या पदरात टाकला. पिकल्या गव्हाच्या रंगाचा, दांडगा, नंतर कधीतरी मागचा एक पाय अधू झालेला. त्याची एक खोड होती. माणूस आलं की हा काहीतरी तोंडात धरूनच सामोरा जायचा. चप्पल म्हणू नका, फडकं म्हणू नका, रिकाम्या तोंडानं भेटणं त्याला जमायचंच नाही.

मेजरसाहेबांची बायको पुण्याची. ती हसून म्हणाली होती, “अगं, शिकारीत पडलेलं पाखरू उचलून आणायची जात ही. आनंद झाला की तोंडात काही धरल्याशिवाय याला राहवत नाही. घरात चोर शिरला ना, तर त्यालाही चप्पल आणून देईल!”

वस्तीवर हे कुणाला ठाऊक असणार? एवढं थोराड कुत्रं बघून परकी माणसं बिचकायची, म्हणून कोणी आलं की सोन्याला गोठ्यात कोंडत. मग त्याचा हा मान मिळायचा तो घरच्यांनाच. त्यांनी गावठी कुत्र्यावरून अंदाज बांधला, सोन्या आपल्या माणसालाच ओळखून वस्तू आणतो. चांगुणा कधी काही बोलली नाही. सुनेला विचारतंय कोण!

आसारामनं गोठ्याची कडी काढली.

सोन्या लंगडत बाहेर आला. अंगणातली गर्दी बघून थबकला. बाजेपाशी गेला, त्या माणसाचे पाय हुंगले, गुडघे हुंगले. मग गर्रकन वळला आणि बनुबाईची जुनी वहाण तोंडात धरून आला. शेपटीबरोबर त्याचं निम्मं अंग हलत होतं. त्यानं वहाण त्या माणसाच्या मांडीवर ठेवली आणि कूं कूं करत डोकं त्याच्या तळहाताखाली घातलं.

“ये रं बाबा, ये,” तो माणूस हळूच म्हणाला.

“आरारारा! वळखलं की रं!” भिमाजी तात्यांनी मांडीवर थाप मारली. “आता बोल, आसाराम!”

बनुबाई पुन्हा रडायला लागली. आसारामचं तोंड उतरलं, पण पीळ जाईना. “नवरा हिचा हाय,” तो दाराकडं बघून म्हणाला. “हिनं सांगावं. हाच का?”

त्या माणसानं पहिल्यांदाच चांगुणाकडं नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काकुळती होती. तिनं “न्हाई” एवढा एक शब्द बोलायचा, की चार माणसं त्याला उचलून पोलिसात नेणार होती.

चांगुणा उंबरा ओलांडून बाहेर आली. तिच्या हातांना आता कुठं ऊब येत होती. किती दिवसांनी तिला काही वाटत होतं, आणि ते काय हे तिला पक्कं कळत होतं. तिला सुटल्यासारखं वाटत होतं.

“ह्येच आमचं मालक,” ती म्हणाली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

कॅम्पात दूधवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना सोन्यानं काही ना काही आणून दिलं होतं, एक माणूस सोडून. गहिनीनाथची चाहूल लागली, की तो खाटेखाली शिरायचा, चांगुणाच्या शेजारी.