आईने हजर केले

पाहणीला आलेल्या बाईंनी आधी मुलाची खोली बघितली, मग गॅलरीचं दार, मग संडासाची कडी आतून नीट लागते का, तेही बघितलं. त्या बालन्यायालयाच्या अधिकारी. चौदा वर्षांचा मुलगा सोमवारी घरी येणार की आणखी दोन वर्षं सुधारगृहातच राहणार, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. आईने दोन दिवस खपून घर लख्ख केलं होतं. पंख्याने कागद उडायला लागले तसं बाईंनी फाइलवर चष्म्याचं घर ठेवलं.

"घर छान ठेवलंय. भांडणं? दारू? मारहाण?"

"नाही हो. तसलं काहीच नाही."

"घाबरू नका. विचारावंच लागतं मला."

मुलाचे वडील खिडकीशी उभे होते. मुलाला सुधारगृहात नेल्यापासून अकरा दिवस त्यांनी बायकोशी अवाक्षर काढलं नव्हतं. वाढलं की जेवायचे आणि ताट मोरीत ठेवून बाहेर पडायचे. आठ वर्षांची धाकटी आईच्या खुर्चीला खेटून बसली होती.

"फोन सापडले कोणाला?"

"मलाच. धूळ पुसत होते, तर त्याच्या खोलीतला स्पीकर खुळखुळला. उघडला, तर आत पाच मोबाइल. एकही आमचा नाही."

"मग?"

"आधी म्हणाला, मित्रांनी ठेवायला दिलेत. मग रडायला लागला. ते तिघं बसस्टॉपवर लोकांच्या खिशातून काढतात आणि हा सांभाळतो. मी म्हटलं, शर्ट बदल, मी येते तुझ्याबरोबर. खरं सांगितलं की कोणी काही करत नाही."

शेवटचं वाक्य तिने बाईंनाच विचारल्यासारखं म्हटलं. बाईंनी पान उलटलं.

पोलीस ठाण्यात तिला खुर्ची मिळाली होती, चहाही मिळाला होता. "अशी आई लाखात एक," हवालदार म्हणाला होता, आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला होता. तिला वाटलं होतं, कान उपटतील, चार शब्द सुनावतील. येताना त्याला नवे बूट घेऊ, असंही तिने ठरवून टाकलं होतं.

"आणि ते तिघं?" बाईंनी विचारलं.

"आपापल्या घरी आहेत," वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्यांच्या आयांना कधी काही सापडतच नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कोण विचारतंय? मला कळलं असतं, तर पाचही फोन नदीत गेले असते आणि पोरगं आज शाळेत असतं."

बाई "हं" म्हणाल्या. मग पेनाचं टोक एका ओळीखाली धरून त्यांनी वाचलं, "पालकांचे मुलावरील नियंत्रण. इथे घोडं अडतंय, ताई."

"ते कसं? दहा मिनिटं उशीर झाला तर शाळेत फोन करते मी. त्याच्या वर्गातल्या निम्म्या आयांचे नंबर आहेत माझ्याकडे."

"तुमच्याकडे बघून कळतंय ते. पण ठाण्याच्या कागदावर लिहिलंय, 'आईने स्वतः हजर केले.' आमच्याकडे आईबाप स्वतःहून पोराला आणतात ते कधी? अगदी हात टेकले की. न्यायाधीशसाहेब तसंच वाचणार. ज्यांना पोरगा आवरत नाही, त्यांच्याकडे परत कसा पाठवायचा?"

"अहो, पण मी तर तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून नेला!"

"त्याला रकाना नाही."

आईने पदर मुठीत धरला आणि सोडला. "म्हणजे लपवायला हवं होतं मी?"

"असं मी कसं म्हणणार?" बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. बोलल्या तेव्हा आवाज जरा उतरला होता. "हे बघा, एक करता येईल. शेऱ्याच्या जागेत मी माझ्या हाताने लिहिते. मुलं आईपाशी मोकळी आहेत, काही लपवत नाहीत, मुलानेसुद्धा विश्वासानेच सगळं सांगितलं. साहेब माझा शेरा वाचतात. पण उगाच नाही लिहीत मी. कोणाच्या तरी तोंडून ऐकावं लागतं."

आई जरा पुढे सरकली. खिडकीशी उभे असलेले वडीलही वळले. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी बायकोकडे बघितलं.

बाई धाकटीकडे वाकल्या. "काय गं चिमणे, आईला सांगतेस ना सगळं? शाळेतलं, मैत्रिणींचं, काही चुकलंबिकलं तर तेसुद्धा?"

दादा अभ्यास करतो का, दादा मारतो का, घरी कधी येतो, सगळ्याची उत्तरं आईने तिच्याकडून घोकून घेतली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. मुलीने बाबांकडे बघितलं. मग आईकडे.

"सांग ना, बाळा," आई म्हणाली. "घाबरू नकोस. खरं सांग."

"आधी सांगायचे," मुलगी म्हणाली.

कागदावर टेकलेलं पेन बाईंनी हळूच उचललं आणि त्याला टोपण लावलं.