आतूनही ऐकू येईल

त्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे मास्तरांना दाढी करताना आठवायचं, चहा फुंकताना आठवायचं. पत्र त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं होतं. आता त्याचा कपड्यांचा कारखाना होता. कारखान्याच्या वर्धापनदिनाला सरांनी यावं आणि गुलामीविरुद्धचं ते गाजलेलं भाषण म्हणून दाखवावं, असा त्याचा आग्रह होता. ‘त्याच भाषणावर मी पहिलं बक्षीस आणलं होतं, सर. तुमची भाची आमच्याकडेच आहे, अगदी घरच्यासारखी.’

“अहो, उत्तराला मुहूर्त काढताय की काय?” बायको म्हणाली. “लाजायचं वय राहिलंय का आता?”

 भाषण मास्तरांना अजून तोंडपाठ होतं. अमेरिकेत गुलामीतून निसटलेल्या एका माणसाला गावाने आपल्या स्वातंत्र्याच्या उत्सवात बोलायला उभं केलं, तेव्हाचं ते भाषण. त्याने आधी यजमानांच्या वाडवडिलांचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग शांतपणे विचारलं, या आनंदात मला कशाला ओढलंत? इथे थांबायचं, हात खाली, नजर समोर. मास्तरांनी त्या मुलाकडून हे सगळं घोटून घेतलं होतं. सभागृह रडलं होतं. मुलगाही रडला होता.

भाची, म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी, त्यांच्याकडेच राहायची; ती कामावर निघायच्या गडबडीत डबा भरत होती.

“काका, या ना खरंच. मांडव अंगणात घालणार आहेत. कर्णे लावणार म्हणे, म्हणजे आम्हाला आतूनही ऐकू येईल.”

“आतून? तुम्ही समोर नसणार?”

“मग शिवणार कोण? आमचं दार बाहेरून लावलेलं असतं. माल पुरा झाला की उघडतात.” तिने डब्याचं झाकण दाबलं. “तुम्ही गुलामांबद्दल छान बोला हं. साहेबांना पटकन रडू येतं.”

बायको हसली. मग हसायची थांबली.

मास्तर टेबलाशी जाऊन बसले. एक ओळ लिहून तीन खोडणारा माणूस, पण या वेळी खाडाखोड झाली नाही. त्यांनी वाचून दाखवलं, ‘येतो. मात्र भाषणाच्या वेळी शिलाईचं दार उघडं हवं आणि आतले सगळे समोर हवेत. दार बंद असेल, तर मी मांडवात बोलणार नाही. त्या दारापाशी उभा राहून बोलेन.’

“हिची नोकरी जाईल,” बायको हळूच म्हणाली.

मास्तरांचा हात कागदावर तसाच राहिला. “खरंय. तब्येत बरी नाही म्हणून कळवतो. उगाच मी...”

“परवा एका मशीनमधून धूर आला,” भाची म्हणाली. “आम्ही दार बडवत होतो, मावशी. बाहेर किल्लीवाला जेवायला गेला होता.” तिने कागदाची घडी घातली, पाकिटात सारली आणि काकांच्या हातात दिली. “चला, वाटेतच पेटी आहे.”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत मास्तरांनी पाकीट अर्धं सारलं. बोटं सुटेनात.

“काका, सोडा.”

त्यांनी सोडलं. आत कुठेतरी खाली, पाकीट पडल्याचा बारीक आवाज आला.

“पळते मी,” पिशवी खांद्यावर टाकत भाची म्हणाली. “उशीर झाला तर दार लावून घेतात.”

आणि ती झपाझप चालू लागली.