लोटलेलं दार

तुरुंगातून सुटल्यावर नवऱ्याने शिवणकामाचं दुकान टाकलं. कामाला घेतो तेही सुटून आलेल्यांनाच. मला कौतुकच होतं, ती नवी बाई येईपर्यंत. ती दिसली रे दिसली की हा मशीन सोडून दार उघडायला धावतो. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले तरी मानसुद्धा वर करत नाही.

आज माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दार नुसतं लोटलेलं असतं. तिला काय हात नाहीत?"

"इतकी वर्षं दुसऱ्याने उघडल्याशिवाय ती दारातून गेलेली नाही गं. ढकलायचं सुचतच नाही. सुटून आलो त्या दिवशी मी नव्हतो का उभा आपल्याच दारात, तू येऊन उघडेपर्यंत?"

मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या.

"बरं. पण उद्यापासून तिला दार मी उघडणार. तू शिवत बस."